लढाईवर गेलेले रूळ

लढाईच्या दिवसांत सरकारनं आमच्या गावाची आगगाडी बंद केली आणि रूळही उपटून नेले. का, तर म्हणे उतारू कमी! मग बाजाराच्या दिवशी डब्यात उभं राहून जाणारे आम्ही कोण होतो? स्टेशनमास्तर हळूच म्हणाले, "रूळ लढाईवर गेलेत."

नगरच्या छावणीत पोरं भरती होत, तसे रूळही भरती झाले, असं गावानं मानलं. लढाई संपली की परत येणारच! म्हणून रुळांची ती पट्टी कुणी नांगरली नाही.

लढाई संपली, थोरला भाऊ पलटणीतून बसऱ्याहून परतला. दारात भाकरतुकडा ओवाळताना मी विचारलं, "दादा, आपले रूळ दिसले का रे तिकडं?"

"दिसले की. वाळवंटातनं गाडी जाती. उतारू म्हनशील, तर एक न्हाई."