खमावल्यानंतरचा सोमवार

चंदाबाईंची वही शाळेतल्या पोरांची असते तशीच, दोन रुपयांची. चातुर्मासात रोज काय सोडलं, अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसून ध्यान-जप करायची सामायिकं किती झाली, ते त्या तिच्यात लिहीत. सामायिकात मन भरकटलं तर कारणही लिहीत; दोष लपवला की दुप्पट होतो, असं लहानपणी एका साध्वीनं, महासतीजींनी, सांगितलेलं. सन २००३ च्या चातुर्मासात मात्र कारण रोज एकच. ‘मेथी सोडली. अठ्ठेचाळीस मिनिटांत नवकाराचा जप कमी, स्टँडच जास्त. पारस सात दहाला खांबाला टेकून होता.’

पारस काही परका नव्हता. ओतूरच्या पेठेतल्या कापडवाल्यांचा, गावच्या जैन संघाच्या अध्यक्षांचा सख्खा पुतण्या. चंदाबाईंची सिद्धी सव्वासातच्या एसटीनं जुन्नरला कॉलेजला जाई, त्या तिला स्टँडवर सोडायला जात, आणि हा तिच्या मागच्या सीटवर. कॉलेजच्या फाटकाशी हाच, परतीच्या गाडीतही हाच. घरचा फोन सिद्धीनं उचलला की पलीकडून शिट्टी.

“मम्मी, मी नाही जात उद्यापासून,” एक दिवस पोर म्हणाली.

तिच्या वडिलांना, रिखबचंदांना, तेच बरं वाटलं. “बारावी झाली ना? बास. पोलिसात गेलो तर बोभाटा होईल. मग सोयरीक कोण करील?”

“म्हणजे त्यानं गावभर हुंदडायचं नि हिनं घरात बसायचं?” चंदाबाई बोलून गेल्या. सिद्धी जातच राहिली.

रविवारी संवत्सरी आली, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा, खमावण्याचा दिवस. जैन स्थानकात सगळे जमल्यावर अध्यक्षांनी पारसला पुढं ढकललं. त्यानं हात जोडले, “मिच्छामि दुक्कडम्, काकू.” सगळा संघ बघत होता. चंदाबाईंनीही हात जोडले. प्रतिक्रमणाचा पाठ आटोपून घरी आल्यावर वहीत लिहिलं : ‘पारसला खमावलं. मनात वैर नाही.’ आणि खरंच त्या दिवशी त्यांना हलकं वाटलं.

सोमवारी तो सिद्धीच्या मागच्या नव्हे, शेजारच्या सीटवर येऊन बसला. “तुझ्या मम्मीनं माफ केलंय, सगळ्या गावासमोर. आता कसली लाजतेस गं?” पोर पुढच्याच थांब्यावर उतरली आणि रडत, चालत घरी आली. तिनं सांगितलं ते चंदाबाईंनी शब्दन् शब्द वहीत उतरवलं.

दुपारी तिघं पोलीस ठाण्यात गेली. हवालदार गेणभाऊंनी मान हलवली. “नुसतं मागं फिरायला कलम न्हाई, शेठाणी. काय बोलला, कवा बोलला, तारीख हाय का?”

चंदाबाईंनी पिशवीतून वही काढली.

“मेथी सोडली, गवार सोडली... ही काय मंडई हाय का?” गेणभाऊ हसले. मग हसू थांबलं. एकवीस जुलै, सहा ऑगस्ट, वेळ, शिट्टी, फोन. शेवटी रविवारच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “झाली का पंचाईत! तुमीच माफ केलंय की. त्याचा वकील हेच पान दावंल.”

चंदाबाईंनी वही आपल्याकडं ओढून ते पान पुन्हा वाचलं.

“फाड ते पान,” रिखबचंद कानाशी कुजबुजले.

एवढंसं पान. पण ते फाडलं तर बाकीची खरी कशी राहणार?

“नाही फाडायची मी,” त्या म्हणाल्या. “खमावलं ते खरंच आहे, भाऊ. पण ते रविवारपर्यंतचं. आजच्यासाठी पुढचं पान उलटा.”

मागं उभ्या असलेल्या शिपाई इंद्रायणीनं वाकून सोमवारचं पान वाचलं. “लिवा की, हवालदार. कलम पाचशे नऊ, बाईमाणसाला लाज आणणारं बोलणं. तोंडानं बोललाय, कंडक्टरनं बी ऐकलं असंल. पोरी, तू सांग, तुज्या शब्दांत.”

सिद्धी सांगू लागली. शेवटपर्यंत थांबली नाही. बाहेर पडताना इंद्रायणी म्हणाली, “जामिनावर सुटंल तो. वही मातुर बंद करू नका.”

दुसऱ्या दिवशी सिद्धी गाडीत चढली. गाडी वळणाआड गेली तरी चंदाबाई त्या खांबाकडंच बघत उभ्या होत्या.

घरी येऊन त्यांनी लिहिलं : ‘सात वीस. सिद्धी गेली. खांब रिकामा. सामायिकात आजही मन नव्हतं.’