पांढरीवरची खोदाई

आमच्या गावाच्या नदीकाठी पांढऱ्या मातीचं टेकाड आहे. त्याला पांढरी म्हणतात. शेवगावकडचे लोक तिथली माती शेतात टाकायला ट्रॅक्टरने न्यायचे. सासरे सांगायचे, इंग्रजांच्या वेळी एक गोरा साहेब घोड्यावरून आला आणि कोरीव दगड उकरून बैलगाडीत घालून घेऊन गेला. पुढे आपलेच साहेब आले, त्यांनी खणून मडकी पुण्याला नेली. खणलेल्या मातीने भरलेल्या पाट्या दोन्ही वेळी आमच्याच घरच्यांनी उचलल्या.

यंदा परत खोदाई लागली तेव्हा मी आणि माझी जाऊ माती चाळायला गेलो. एका जुन्या घराच्या भुईखाली दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या लेकराची हाडं. खोदाईच्या मॅडम म्हणाल्या, "हे लोक मेलेलं मूल घरातच पुरायचे."

जाऊ म्हणाली, "बरं हुतं की त्यांचं. आपल्यात आईला जागा बी दावत न्हाईत."

माझी पहिली मुलगी बारशाआधीच गेली. तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला पुरुषच जातात. आमच्या मालकांनी तिला याच टेकाडावर नेलं. मी बाळंतिणीच्या खाटेवर होते. नेमकी कुठे पुरली ते मी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

आता मॅडमनी नव्या खड्ड्यासाठी खुंट्या ठोकून दोरी लावली. घरी आल्यावर मी मालकांना विचारलं, "तिला कुठं ठिवली?"

"बाभळीपाशी. बाभळ बी तोडली आता."

"तितंच खणणारेत."

"मग? गप ऱ्हा. गाव हसंल."

सकाळी मी आणि जाऊ मॅडमपुढे जाऊन उभ्या राहिलो. जावेनेच सांगितलं, "मॅडम, हिचं लेकरू हाय हितं."

मॅडमनी मालकांना बोलावून घेतलं. त्यांनी आधी एकीकडे बोट केलं, मग दुसरीकडे. मॅडमनी दोरी काढून नदीच्या अंगाला सरकवली.

त्या नव्या जागीच हातभर खाली बारीक हाडं लागली. मडकं नव्हतं. प्लास्टिकचे काळे मणी होते.

"हे अलीकडचं आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आम्ही नेणार नाही. पण तुमचीच मुलगी का, ते मला सांगता येणार नाही."

असे मणी आमच्याकडे प्रत्येक लेकराच्या मनगटाला बांधतात. हाडं पाटीत ठेवली तसे मालक पाटी घ्यायला पुढे झाले. मी दिली नाही.

"बायांनी जायचं नसतं," ते म्हणाले.

मी चालू लागले. मागून जाऊ आली. टेकाडाच्या पलीकडे आम्ही दोघींनी खड्डा केला. माती लोटताना ती म्हणाली, "माजं बी हितंच आनलं हुतं."

"मग तुजं आसंल," मी म्हणाले.

"कुनाचं का आसंना. दगड मोठा ठेव. कुत्री उकरत्यात."