फिनेलमावशी आणि गांडुळांचं पिंप

इस्पितळात तिला सगळे फिनेलमावशी म्हणत. ऑपरेशन थिएटरची सफाई अठ्ठावीस वर्षं तिच्याकडे होती. रक्त, पू, ओकारी, कापून काढलेलं काहीबाही, सगळं तिनं कपाळाला आठी न घालता उचललं. पण वळवळणारं काही दिसलं की ती दोन पावलं मागं सरायची. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्याच्या पायाची पट्टी सोडली आणि जखमेत अळ्या निघाल्या. तेव्हापासून ताटातला भातही ती आधी चमच्यानं पसरून बघायची आणि मगच घास घ्यायची.

निवृत्त झाल्यावर ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली. ताई शाळेत शिक्षिका होती, एकटीच राहिलेली, आणि तिचा सगळा जीव घरामागच्या चार हात जागेत. जागा कसली, घर बांधताना उरलेला राडारोडा तो. विटांचे तुकडे, चुना, खडी. खुरपं मारलं तर मनगटाला झिणझिण्या यायच्या. त्यावर उपाय म्हणून ताईनं मागच्या दाराशी भोकं पाडलेलं एक प्लास्टिकचं पिंप ठेवलं होतं. त्यात ओला कागद, पालापाचोळा आणि हजारभर गांडुळं. भाजीची सालं त्यांना घालायची, त्यांनी खत करायचं, ते खत त्या राड्यात कालवायचं. ताई मूठभर खत नाकाशी नेऊन खोल श्वास घ्यायची, तेव्हा धाकटी तोंड फिरवून आत जायची.

मग न्हाणीघरात घसरून ताईचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आल्या आल्या ताईनं पहिली चौकशी केली ती पिंपाची. एक दिवसाआड मूठभर सालं, तीही बारीक चिरून. लिंबू नको, मीठ नको, शिजवलेलं तर अजिबात नको. वर ओलं गोणपाट, पण ओल पिळलेल्या फडक्याइतकीच. धाकटीनं मान डोलावली.

हातात मोज्यांचे दोन जोड, नाकाला फडकं, चिमट्यात सालं, असा तिचा थाट. गोणपाट उचललं की खाली तांबडा, चकचकीत गुंता हलायचा. एकमेकांच्या अंगावरून, अंगाखालून. तिला कोरड्या ओकाऱ्या यायच्या. चौथ्या दिवशी तिनं ठरवलं, सारखं उघडायचंच कशाला? आठवड्याचं एकदम घालू. सालांबरोबर उरलंसुरलं जेवणही तिनं त्यात लोटलं. भोकांतून चिलटं येत होती, म्हणून भोकांवर चिकटपट्टी मारली. झाकण घट्ट बसवलं आणि हुश्श केलं.

आठवडा संपायच्या आत घरात वास शिरला. कुजलेला, आंबट, घशाला चिकटणारा. तिनं झाकण उघडलं. आत काळा बुळबुळीत लगदा, त्यात पांढऱ्या अळ्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला गांडुळांचे गोळेच्या गोळे लटकलेले. त्यातलं एक तिच्या मोज्यात पडलं आणि मनगटावर वळवळलं.

तिनं फिनेलचा डबा आणला आणि सगळाच्या सगळा ओतला.

गांडुळं उसळून बाहेर आली. भिंतीवर, उंबऱ्यावर, तिच्या चपलांवर. पिळवटली, गाठी मारल्यासारखी आकसली, आणि अर्ध्या तासात निपचित पडली. तिनं ती झाडूनं ओढली. तीन सुपल्या भरल्या. फिकी पडलेली, काही फुटलेली. थिएटरमध्ये तिनं आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेलं आवरलं होतं. इथं केलंही तिनंच. त्या दिवशी तिनं हात इतके घासले की कातडी सोलवटली, तरी तिला स्वतःच्याच हातांची शिसारी येत राहिली.

ताई विचारायची, ‘कशी आहेत?’ ती म्हणायची, ‘बरी आहेत.’ असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी ताईला वाढताना चमचा मध्येच थांबला आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

ताईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “चुकून ओतलंस?”

“नाही. किळस आली म्हणून.”

“आणि मला खोटं का सांगितलंस?”

“त्या खोट्याचीही किळस आली. म्हणून तर आज बोलले.”

ताई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रोपवाटिकेचा पत्ता कागदावर लिहून दिला, बस्स.

तिथल्या माळ्यानं सगळं ऐकून घेतलं. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, भोकं बुजवली तिथंच त्यांचा दम कोंडला, अळ्या तर घरमाशांच्या होत्या, असं त्यानं समजावलं. “मावशी, फिनेल तर नंतरचं,” तो म्हणाला आणि तिथंही घालून आलेले मोजे काढायला लावून त्यानं मूठभर गांडुळं तिच्या तळव्यावर ठेवली. गार, ओली, जिभेसारखी. तिनं मान फिरवली, पण तळवा उघडा ठेवला.

फिनेलचा लगदा तिनं पिशव्यांत बांधून कचऱ्यात दिला, बागेत एक कणही जाऊ दिला नाही. पिंप दहा पाण्यांनी धुतलं, ऊन दाखवलं, भोकं मोकळी केली आणि त्यात नवी गांडुळं सोडली. मग सांगितलं तसं, मूठभर सालं, एक दिवसाआड. वास आला नाही. किळस मात्र जशीच्या तशी राहिली.

तीन महिन्यांनी काळं, भुसभुशीत खत निघालं. ताई काठी टेकून खुर्चीत बसली आणि हुकूम सोडू लागली. धाकटीनं विटांचे तुकडे वेचले, खत कालवलं, पुन्हा वेचले. ताईला पुन्हा नीट वाकता आलंच नाही, म्हणून पिंप कायमचं धाकटीच्या गळ्यात पडलं. पुढच्या वर्षी खुरपं मुठीपर्यंत जमिनीत गेलं आणि ओळीनं टोमॅटो लागले, लालबुंद, पातळ सालीचे.

ताई ते उभ्या उभ्या धुऊन खाते. धाकटी स्वतःसाठी बाजारातून आणते. ताईनं एकदा आग्रह केला, तेव्हा ती म्हणाली, “ते कशात वाढलेत, ते मी बघितलंय. तू खा.” आणि चिमटा घेऊन मागच्या दाराकडे गेली.