बनुबाईच्या नावाची वर्गणी

आटपाडीजवळच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या केरबाची बायको बनुबाई बाळंतपणात गेली. दवाखाना विट्याला, आणि बैलगाडी निम्म्या वाटेवर असतानाच तिनं जीव सोडला. पोटातलं मूलही राहिलं नाही. मागं उरली थोरली लेक अंजना. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षातली ही गोष्ट.

पुढच्या साली लष्करातून परतलेल्या दादासोंनी आटपाडीत प्रसूतिगृह बांधायचं मनावर घेतलं. कमिटी झाली, झोळी फिरली. पण त्या कोरड्या मुलखात जमणार किती? मग कुणीतरी वाईच्या तात्यांचं नाव काढलं. शाळा, बोर्डिंगं, धर्मशाळा यांच्यासाठी निधी उभा करून देणं हाच तात्यांचा व्यवसाय. कमिटीनं त्यांना पगारावर नेमलं. जमेल त्यात हिस्सा देऊ, असं दादासो म्हणाले तेव्हा तात्यांनी साफ नकार दिला. हिस्सा ठेवला की माणूस खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एवढंच विचारलं, दवाखाना नव्हता म्हणून घर कुणाचं बुडालं? तेव्हा केरबाला बोलावणं गेलं.

मेंढरं भावाकडं आणि अंजनाला भावजय हरणाबाईकडं ठेवून केरबा तात्यांबरोबर कृष्णाकाठच्या ऊसवाल्या गावांना निघाला. जेवण आणि रोजचा भत्ता ठरला होता. पहिल्या गावी देवळापुढं तो बनुबाईबद्दल कसंबसं चार शब्द बोलला आणि खाली बसला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, एकीनं कानातलं काढून दिलं. पण तात्यांना एवढ्यानं भागणार नव्हतं. पुढच्या गावी जाताना सर्व्हिस मोटारीत ते त्याला शिकवू लागले, कुठं थांबायचं, कुठं पाणी मागायचं, काय गाळायचं. बैलगाडीत बनुबाई सारखी विचारत होती, काळी मेंढी व्याली का. ते सांगू नकोस, लोक हसतील, तात्या म्हणाले.

"पर ती तेच ईचारत हुती," केरबा म्हणाला.

"असेल. लोकांना ते झेपणार नाही."

केरबानं ते गाळलं.

तात्या वाईट नव्हते. स्वतःचं घोंगडं केरबाला देत, पै-पैची पावती फाडत. हळूहळू "मायबापहो" म्हणून सुरू होणारं केरबाचं बोलणं अडखळेनासं झालं आणि वर्गणी वाढत गेली. पाडव्याला तो घरी आला तेव्हा अंजनानं त्याच्याजवळ बसून विचारलं, "आई कशी हुती?"

"मायबापहो," केरबाच्या तोंडून निघालं. हरणाबाईनं पोरीला उचलून आत नेलं. केरबा कितीतरी वेळ बनुबाईचा चेहरा आठवत बसला. आठवत होते ते नुसते शब्द, तात्यांनी लावून दिलेल्या क्रमानं.

सगळ्यात मोठी देणगी कऱ्हाडकडच्या बागायतदार लालासाहेबांनी कबूल केली. प्रसूतिगृह मात्र आपल्या गावी व्हावं, अशी त्यांची अट होती. तिकडं रस्ता होता, पाणी होतं, डॉक्टर यायला तयार होता. तात्यांनी कमिटीला बजावलं की लोकांनी पैसा आटपाडीसाठी दिलाय, अट मान्य नसेल तर देणगी सोडा. कमिटीनं अट मानली. दादासो मान खाली घालून म्हणाले, "कुठंतरी हुतंय, हे काय कमी हाय?" तात्यांनी राजीनामा दिला. त्यांचा राहिलेला पगार कुणी दिला नाही, त्यांनीही मागितला नाही.

इमारत उभी राहिली, पाटीवर लालासाहेबांच्या आईचं नाव आलं. उद्घाटनाला केरबाला बोलावणं नव्हतं. इकडं त्याची मेंढरं रोगानं गेली होती. भावानं कातडी विकून जोंधळा आणला, तोही संपला. केरबा दुसऱ्यांची मेंढरं राखू लागला.

एकोणपन्नास साली तात्या पुन्हा आले. थकले होते, खोकत होते. जतला अनाथ मुलांसाठी वसतिगृह उभारायचं काम त्यांना मिळालं होतं. केरबाच्या दारात ते बसले, पाणी प्यायले. मग भत्त्याचं बोलले.

"तिचंच सांगायचं?" केरबानं विचारलं.

"पोरकी पोर मागं राहिली, तिथपासून सांग."

पाऊस नव्हता, राखणीचं कामही उरलं नव्हतं. केरबा गेला.

जतपलीकडच्या गावात लोक कानडी बोलणारे. केरबानं एकेक वाक्य बोलावं आणि तिथल्या मास्तरांनी ते कानडीत सांगावं. मास्तर चांगले बोलणारे होते, त्यांच्या तोंडून ते बरंच लांबत होतं. बायका मास्तरांकडं बघून रडत होत्या. काय सांगितलं जातंय ते केरबाला कळत नव्हतं. मास्तर थांबेपर्यंत तो हात जोडून उभा राहिला.