उत्तम मेंढपाळाच्या भेगाळलेल्या टाचा

मंडळी, आत्ताच प्रार्थनागृहातून घरी आले. डोकं तापलेलं हाय, म्हणून लिहायलेय.

आमच्या सोनपेठच्या लहानशा प्रार्थनागृहात भिंतीवर उत्तम मेंढपाळाचं, म्हंजी हरवलेलं मेंढरू हुडकून आणणाऱ्या येशूचं, चित्र काढायचं ठरलं. मी पेंटरला नमुना म्हणून माझ्या घरातलं जुनं कॅलेंडर दिलं. त्यात खांद्यावर कोकरू घेतलेला प्रभू येशू हाय, गोरापान, पांढऱ्याशुभ्र झग्यातला. पेंटर बाळूभाऊ ख्रिस्ती न्हाईत, पण त्यांच्या घरी मेंढरं हायत.

पायापर्यंत आल्यावर ते थांबले. "ताई, हे पाय मेंढरामागं फिरल्याले वाटत न्हाईत. माझ्या बापाच्या टाचा बघा एकदा."

मी म्हणलं, "मग तुमाला माहीत हायत तसे काढा."

त्यांनी काढले. धुळीनं माखलेले, टाचांना भेगा, अंगठ्यात काटा मोडल्याची जुनी खूण. तिथली झाडलोट मीच करते; झाडू हातात धरून बघतच ऱ्हायले. तीस वर्षं त्या कॅलेंडरपुढं प्रार्थना केली, पण हरवलेल्या मेंढरासाठी हा खरंच रानोमाळ चालला असंल, हे आज पहिल्यांदा पटलं. माझ्यासाठीबी चालला असंल.

सायंकाळी आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब आले. "प्रभूचे पाय असे मळकट? बाई, उद्या स्वच्छ करून घ्या."

मी न्हाई म्हणलं. आजवर चर्चमधी मी कुणालाच न्हाई म्हणलं नव्हतं. रविवारी उपासनेनंतर चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपुढं विषय निघणार हाय. तिथंबी मी हेच सांगणार.

तुमच्या घरातल्या चित्रात येशूचे पाय बघा. ते चालत तुमच्या उंबऱ्यापर्यंत आल्यासारखे वाटतात का?