खुब्याचं हाड आणि दोन मंडळ्या

वणीला आमच्या मंडळीत एक काका होते. कोळसा खाणीतून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले, एकटे आणि तोंडाने फटकळ. जन्मापासून आमच्या जुन्या चर्चचे. पण म्हातारपणी त्यांनी बसस्टँडमागच्या नव्या हॉलमध्ये जाऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडे लेकराच्या कपाळावर पाणी शिंपडतात, तिकडे मोठ्या माणसाला टाक्यात पुरता बुडवतात. काहून केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बाई, एक वायर जळली तं दुसरी चालू राह्यली पायजे."

आमच्या पास्टरांच्या लेखी ते वाया गेले. हॉलच्या पास्टरांच्या लेखी ते अजून नीट वाचलेच नव्हते, कारण नाताळचं जेवण ते दोन्हीकडे हाणायचे.

अशात काका न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आले, पण उठायची सोय नव्हती. मी आमच्या महिला मंडळाच्या बाया घेऊन, मटणाचा डबा घेऊन गेले, तर हॉलच्या बाया आधीच रस्सा घेऊन हजर. आम्ही प्रार्थना सुरू केली. त्यांनीही केली, जरा मोठ्याने. मग आम्हीही आवाज चढवला. शेवटी काकाच ओरडले, "अवो, देव बहिरा नाई अन मी बी नाई! माहं फकत हाड मोडलं. जेवाले वाढा."

पुढे काका आमच्यासमोर हॉलच्या बायांच्या रश्श्याची तारीफ करायचे आणि त्यांच्यासमोर आमच्या. दोन्हीकडच्या वाटणात खोबरं वाढत गेलं.

जेवू घालायला रांग होती. पण जेवलेलं बाहेर येतं, त्याला कोणी नव्हतं. ते काम शेजारचा गॅरेजवाला मुसलमान भाऊ करत होता. हातातला पाना ठेवायचा, हात धुवायचा, काकांना उचलायचा, शौचाचं भांडं द्यायचा, स्वच्छ करायचा. एक दिवस तो मला म्हणाला, "बाई, मी लग्नाले बाभुळगावले चाललो. चाचाले कोण पाहीन?"

मी दोन्ही पास्टरांना फोन केला. काकांना तुम्हाला भेटायचंय, एवढंच सांगितलं. कशासाठी ते सांगितलं नाही, आणि दुसरे येणार आहेत हेही नाही.

दोघंही इस्त्रीचे शर्ट घालून, बायबल घेऊन आले. एकमेकांना पाहून दोघांचे चेहरे पडले. नमस्कार जेमतेम झाला आणि काकांचा खरा बाप्तिस्मा कोणता, यावर जुंपली. एकजण वचन काढायचा, दुसरा त्यावर वचन काढायचा. इकडे खोलीत वास पसरत चालला होता.

"पास्टर लोकहो," काका पलंगावरून म्हणाले, "शिंपडाचं का बुडवाचं थे मंग ठरवा. आंधी मले धुवा."

दोघांनी बायबलं बाजूला ठेवली. मी पाण्याची बादली दारात ठेवली आणि बाहेर सरकले. आतून आवाज येत होते. "तुम्ही खांद्याला धरा." "नाही, तुम्ही खांद्याला, मी इकडून." कोणाला तरी उमासा आला. मग काका किंचाळले, "थंडं पाणी! कोन्त्या मंडळीचं हाये हे?" आणि आत तिघंही हसले. मी बाहेर पदर तोंडात धरून हसत होते. हसता हसता डोळे भरून आले ते कळलं नाही. इतकी वर्षं आम्ही ऐक्यासाठी प्रार्थना केल्या, पण त्या दोघांना एका खोलीत हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बाह्या वर केलेले, भिजलेले दोन पास्टर बाहेर आले. मी चहा दिला. आमचे म्हणाले, "उद्या मी येतो." हॉलचे म्हणाले, "एकट्याने उचलल्या जात नाही. मी बी येतो." लग्नाहून परतलेल्या गॅरेजवाल्याने काकांना नीट कसं उचलायचं ते दोघांना शिकवलं आणि वार वाटून दिले. रविवार त्याने स्वतःकडे ठेवला, कारण त्या दिवशी एकही ख्रिस्ती रिकामा नसतो.

पावसाळा संपता संपता काका वॉकर धरून चालायला लागले. तोंड काही सुधारलं नाही. मध्यंतरी मुकुटबनहून निरोप आला. लकवा झालेली एक बाई, ना आमच्या मंडळीची ना त्यांच्या, घरी एकटी पडून होती. दोन्ही पास्टर एकाच मोटरसायकलवर निघाले. मागे बसलेले आमचे पास्टर पुढच्याच्या कानात बाप्तिस्म्यावर काहीतरी पटवून देत होते, आणि दोघांच्या मधे प्लॅस्टिकचं नवंकोरं भांडं होतं.