पापणीच्या आतला रंग

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग पांढराफटक होता.

"आजी, रक्त तपासू. लोह कमी असेल तर कारणही शोधू. कच्चे तांदूळ खावेसे वाटतात? लोह कमी असलं की तसं होतं."

"या वयात कसले डोहाळे, बाई!"

पण तांदूळ निवडताना ती मूठभर तोंडात टाकायची. आम्ही हसायचो. जिन्यात दम लागून बसली की मी तिला आळशी म्हणायचो. आळशी ती कधीच नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते जेवायची. घरातलं माणूस थकलं, की आपण त्याचा स्वभाव ठरवून मोकळे होतो.

"थकवा कधीपासून आहे?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं, सांगू का विचारल्यासारखं. त्या एवढ्याशा खोलीत मला नजर वळवायला जागा नव्हती.